परडी घेऊन लातूरला

रेवा आणि ईशान, तुमच्या गावी सायकलला स्वतःचा रस्ता आहे, स्वतःचा सिग्नल आहे. तुम्ही शाळेत जाताना मी खिडकीतून पाहत असे. पावसातसुद्धा सगळे एका रांगेत, कोणी कोणाला घंटीही वाजवत नव्हतं. आमच्याकडे रस्ता सगळ्यांचा असतो. एसटीचा, उसाच्या ट्रॉलीचा, शेळ्यांचा, आणि सुगीत वाळत घातलेल्या सोयाबीनचासुद्धा. अशा रस्त्याने तुमची नंदाआत्या माहूरहून लातूरपर्यंत सायकलवर गेली आणि तिच्या मागे टेम्पोत बसून मी गेले.

फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, कसं झालं?" आणि मी "छान झालं" म्हणाले. फोनवर एवढंच सांगता येतं. म्हणून आता घरी येऊन, गुडघ्यांना तेल चोळून झाल्यावर, सगळं क्रमाने लिहून काढते आहे. बाबाला मोठ्याने वाचायला सांगा. तो मध्येच थांबला तर घाई करू नका.

माहूर

ही मोहीम काळेसरांची. ते आमच्या शाळेत व्यायामाचे शिक्षक होते, मी इंग्रजीची. निवृत्त झाल्यावर मी बागेत रमले आणि त्यांनी नांदेडात सायकलवाल्यांचा गट काढला. रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी जमवायचा, त्यासाठी माहूर ते लातूर सायकल चालवायची, वाटेत गावोगाव थांबून लोकांना आजाराबद्दल सांगायचं आणि मदत मागायची, असा बेत. शेवट लातूरच्या त्याच रुग्णालयाच्या फाटकाशी, जिथे आबांवर उपचार झाले. तिथल्या प्रयोगशाळेसाठीच हा निधी होता.

मार्ग कळला तेव्हा मला हसू आलं. माहूर, किनवट, देगलूर, जळकोट, लातूर. हा तर तुमच्या आबांच्या बदल्यांचा नकाशा! गुरांच्या डॉक्टरला सरकारने जिथे जिथे पाठवलं, तिथे तिथे आम्ही पेट्या आणि पाटा-वरवंटा घेऊन गेलो. तेही सायकलवरच फिरायचे. हँडलला औषधांची पिशवी आणि मागच्या कॅरियरला बांधलेली बादली.

प्रत्येक स्वाराच्या लाल बनियनवर पाठीमागे एक नाव छापलेलं होतं, ज्याच्यासाठी तो निघाला त्याचं. आत्याच्या पाठीवर आबांचं नाव. गडाच्या पायथ्याशी तिने ते बनियन चढवलं, काळेसरांना म्हणाली, "सर, एक आधीच सांगते. लातूरच्या फाटकाला पुढचं चाक लावीन आणि तिथूनच वळेन. आत येणार नाही."

"फोटोलाही नाही?"

"फोटोलाही नाही."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी तांबूल चघळत होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. माहूरच्या देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. तोंडात घातला की तोंड आपोआप बंद राहतं, हा त्याचा मोठा फायदा.

हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. त्या रुग्णालयाच्या मागच्या अंगणात पत्र्याची एक शेड आहे. रुग्णांच्या घरची माणसं तिथे स्वयंपाक करतात. शेवटच्या दिवसांत आबांना दुसरं काही जात नव्हतं, फक्त मऊ भात. आत्या रोज खाली जाऊन तो शिजवायची. शेवटच्या सकाळीही ती शेडमध्ये होती. गरम डबा घेऊन जिना चढून वर आली, तेव्हा मी खोलीच्या दारात उभी होते, आणि मला काही बोलावं लागलं नाही. तेव्हापासून ती लातूरला गेलेली नाही. बँकेची बढती लातूरची होती, तीही तिने सोडली. घरात मऊ भात शिजलेला नाही. ही मोहीम लातूरला संपते हे ठाऊक असूनही तिने नाव दिलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. फाटकाची अट माहूरला, गडाच्या पायथ्याशी कळली.

आता माझ्या फजितीकडे वळते. मदतीसाठी स्टीलची एक मोठी पेटी केली होती. ओरखडे येऊ नयेत म्हणून मी ती जुन्या चादरीत गुंडाळली, आणि विसरू नये म्हणून दारामागे ठेवली. टेम्पोतल्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी लावली होती. मीठ, साखर, पट्ट्या, पंक्चरचं सामान, काळेसरांच्या गोळ्या. सगळं आलं. पेटी दारामागेच राहिली.

"आई, तू विसरलीस?" आत्याला इतका आनंद झाला की ती दोनदा म्हणाली. "शाळेत मुलांच्या डब्यांवर नावं घालायला लावणारी तू?"

"पेटीवर नाव घातलं होतं," मी म्हणाले.

"हां, तो पेटी घरमें नाव वाचत बैठेली असेल," टेम्पोवाले सलीमभाई म्हणाले.

मग मी बाजारात गेले. बांगड्या, कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, आणि एका दुकानात टांगलेल्या वेताच्या परड्या. परडी म्हणजे उथळ, गोल टोपली. त्यातली एक घेतली आणि दोरीने आत्याच्या हँडलला पुढे बांधली. म्हटलं, लोक यात नोटा टाकतील.

आपल्या घरचा कुळाचार मला आठवायला हवा होता. नवरात्रात तुमच्या पणजी परडी घेऊन पाच घरी जायच्या आणि देवीच्या नावाने जोगवा मागायच्या. प्रत्येक घरातून मूठभर धान्य मिळायचं, ते शिजवून सगळ्यांनी खायचं. मी नवी सून, गाठीला इंग्रजीची पदवी. मला वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. सासूबाई म्हणायच्या, "मान वर कर गं. स्वतःसाठी थोडंच मागतोय?"

किनवटची वाट

माहूरचा घाट उतरला की सागाचं रान लागतं. हिवाळ्यात त्याची पानं सुपाएवढी होऊन वाळलेली असतात, वाऱ्यात खडखडतात. मध्येच रान उघडतं आणि कापसाचं शेत दिसतं, पांढरं, अर्धं वेचलेलं. आत्या आणि तिचे सोबती उतारावरून लाल मण्यांसारखे घरंगळत गेले. मी मागून पाहत होते आणि मला आबांची सायकल दिसत होती. किनवटला आमचा पहिला संसार. पावसाळ्यात ते ओढ्याला आले की सायकल खांद्यावर घ्यायचे. एकदा सायकल पलीकडे पोचली आणि चप्पल वाहून गेली. अनवाणी पायांनीच बैलाचा मोडलेला पाय बांधून आले.

वाटेतल्या एका गावात आम्ही थांबलो. काळेसरांनी भोंगा हातात घेऊन आजाराची माहिती सुरू केली. पुरुष ऐकत होते. एवढ्यात एका घरातून एक म्हातारी बाई सुपात ज्वारी घेऊन आली आणि सरळ आत्याच्या परडीत ओतली. परडी काठोकाठ भरली, काही दाणे हँडलवरून खाली सांडले.

आत्या दचकली. "अहो मावशी, हे काय?"

"जोगवा माय. माहूरावून आल्या न्हवं? आज मंगळवार हाय."

"नाही हो. आम्ही रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी निधी..."

"हाव, हाव. आइकलं म्या, त्यो मास्तर वरडून राहिलाय." म्हातारीने मान डोलावली. "पर परडी हाय ना तुज्यापाशी? लाल कपडा हाय. मंग रिकामी कशी जाऊ देऊ?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मंगळवारी माहूरच्या वाटेवरून लाल कपड्यांतल्या बाया परडी घेऊन आल्या, तर आमच्या भागात त्याचा अर्थ एकच होतो.

तिने पदराच्या गाठीतून कुंकू काढलं. आधी परडीला लावलं, मग आत्याला, आणि मग माझ्याकडे वळली. मी मागे सरकले. आबा गेल्यापासून मला कोणी कुंकू लावलेलं नव्हतं, आणि आमच्याकडे लावत नाहीत.

"कामून सरकून राहिलीस?" ती म्हणाली. "आईच्या परडीसंगं आलीस ना?" आणि तिने अंगठा माझ्या कपाळावर टेकवला. तो अंगठा लाकडासारखा खरखरीत होता. मी टेम्पोत बसल्यावर आरशात पाहिलं. पुसायला रुमाल काढला, आणि तसाच घडी करून परत ठेवला.

पुढच्या गावात आम्ही पोचायच्या आधीच बाया रस्त्यावर उभ्या होत्या. फोन झाला असणार. एकीने तूर आणली, एकीने तांदूळ, एकीने मूग आणि वर गुळाचा खडा. एका सुनेने तर मोबाईल काढून काळेसरांच्या छातीवर चिकटवलेला पैसे पाठवण्याचा चौकोनही टिपला, पैसे पाठवले, आणि मग आत जाऊन मूठभर गहू घेऊन आली. म्हणाली, "ते मालकाचं, हे मपलं."

परडी भरली की सलीमभाई पोत्यात रिकामी करायचे. किनवट येईपर्यंत माझ्या नीट लावलेल्या डब्यांवर पोतं आडवं पडलं होतं आणि काळेसरांच्या गोळ्या कुठे गेल्या ते कळत नव्हतं.

"बाई," सलीमभाई म्हणाले, "ये टेम्पो है के मोंढा?" मोंढा म्हणजे धान्याचा बाजार.

दुसऱ्या दिवसापासून नांदेडपर्यंत तेच चाललं. नांदेड वाटेतच, तिथे मी आपल्या घरी जाऊन चादरीतली पेटी आणली. तिच्यात नोटा पडत राहिल्या, आणि परडीत धान्य. परडी सोडावी असं आता आत्यालाही वाटत नव्हतं. चढावर दम लागला की ती खाली त्या दाण्यांकडे बघायची, मला मागून दिसायचं.

देगलूरचा मोंढा

देगलूरला आम्ही दोन वर्षं होतो. तिथल्या बाजारात एक माणूस भाव मराठीत विचारतो, घासाघीस तेलुगूत करतो, रागावतो उर्दूत आणि घरी जाऊन कन्नडमध्ये बायकोला सांगतो. मला पहिला महिना वाटायचं की सगळे भांडतायत. आबांना मात्र चारही भाषांत "शेपटी वर करा" एवढं नक्की म्हणता यायचं.

सकाळी सुशीला खाऊन निघालो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, पोह्यांसारखी फोडणी घातलेली न्याहारी. ईशान, तुला इथे आल्यावर रोज हवी असायची आणि तू तिला "सुशीलाआजी" म्हणायचास. टेम्पोत तोवर दोन पोती झाली होती. काळेसरांचं म्हणणं रास्त होतं: धान्य मोंढ्यात विकावं आणि ते पैसे निधीत घालावेत. आत्याला ते पटलं. बँकेतली माणसं अशा गोष्टी पटकन निकालात काढतात.

मोंढ्यातले एक वयस्कर आडते गादीवर बसले होते. मी डॉक्टरांची बायको म्हणून ओळख दिली, तसा त्यांनी हात केला. "या अम्मा, कूर्चो, बसा. कोन डॉक्टर म्हनले? बैलांचे डॉक्टर? त्यांची सायकल हितंच लागायची, त्या खांबाला."

चहा आला. सलीमभाईंनी पोत्याचं तोंड सोडलं. आडत्यांनी ओंजळ भरून घेतली, बोटांतून दाणे गाळले. ज्वारी, तूर, तांदूळ, मूग, गहू, मध्येच एक गुळाचा खडा, सगळं एकात एक मिसळलेलं. त्यांनी ओंजळ परत पोत्यात रिकामी केली आणि तळहात एकमेकांवर झटकले.

"हे जोगव्याचं हाय."

"हो, पण चांगल्या कामासाठीच..." काळेसर म्हणाले.

"काम चांगलंच हाय सर. म्या बी पेटीत टाकतो. पर याचा सौदा न्हाई होत. पूरा मोंढा फिरा, कोनी हात लावनार न्हाई."

"मग काय करायचं याचं?" आत्याने विचारलं.

"काय करत्यात? शिजवायचं, वाढायचं, आपुन बी घास खायचा. कुनाच्या नावानं मागितलं?"

आत्याने परडी हातात फिरवली. मी म्हणाले, "आजाऱ्यांच्या."

"मंग आजाऱ्यांच्या दारात शिजवा. लातूरला जाऊनच राहिल्या ना तुमी?" त्यांनी आत्याच्या हातातल्या रिकाम्या परडीकडे बोट केलं. "आनि बाई, परडी तुमच्या हाती हाय. चूल तुमीच पेटवायची. हा टेम्पोवाला न्हाई, अन् ह्ये मास्तर बी न्हाई."

"मी न्हाई पेटवत, आपन तो बिर्याणीवाला," सलीमभाई म्हणाले. सगळे हसले. आत्या उठून सायकलची हवा बघायला बाहेर गेली. हवा पुरेपूर होती, सकाळीच भरलेली. ती बराच वेळ चाकाशी वाकून बसली.

निघताना आडत्यांनी आपल्याकडची तांदळाची एक पिशवी पोत्यावर ठेवली. "जुना हाय," मला म्हणाले. "आजाऱ्याला जुनाच चांगला."

जळकोट

देगलूर सोडल्यावर मुखेडच्या अलीकडे काळेसरांच्या चाकात बाभळीचा काटा गेला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. रस्त्याकडेला सगळे लाल बनियनवाले चाकं वर करून बसले होते. एक गुराखी थांबला, आमच्याकडे बघत बिडी संपवली आणि म्हणाला, "सायकली लई महागाच्या दिसून राहिल्यात," आणि शेळ्या घेऊन गेला.

त्यामुळे जळकोटला दुपार कलल्यावर पोचलो. आता ते तालुक्याचं गाव आहे. आमच्या वेळी लहान होतं. गुरांच्या दवाखान्यासमोरचं मैदान मात्र तेवढंच आहे. तिथे आत्या सायकल शिकली. आबांची सायकल उंच, ही लहान; दांडीखालून पाय घालून, वाकडी होऊन, कैची मारत चालवायची. आबा मागून कॅरियर धरून पळायचे. एक दिवस त्यांनी सांगितलं नाही आणि हात सोडला. ती पार लिंबापर्यंत गेली, वळून पाहिलं, ते लांब उभे होते, आणि ती तिथेच धाडकन पडली. डाव्या कोपरावरची ती खूण तिने तुम्हाला दाखवली आहे.

मैदानाशेजारच्या घरांतल्या बायांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. धपाटे, दही, शेंगांची चटणी. खाऊन झाल्यावर मी विचार केला की हे मिसळलेलं धान्य असंच कसं शिजणार? तूर शिजेपर्यंत तांदळाची पेज होईल. निवडायला हवं. निवडणं, वेगळं करणं, लावून ठेवणं हे माझ्या आवडीचं काम आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याकडे आले तेव्हा तुमचे मोजे मी रंगांप्रमाणे लावून ठेवले होते आणि तुम्ही ओरडला होतात.

चादर अंथरली, सुपं आली. चार जणी बसल्या, मग सहा, मग मोजायचं सोडून दिलं. आत्याही बसली.

"बँकेतल्या बाईला तूर अन् मूग वेगळं वळखू येतंय का बगा," एक जण म्हणाली.

"नोटा वळखू येत्यात, मूग काय अवगड हाय?" दुसरी.

"वळखते की," आत्या त्यांच्याच बोलीत म्हणाली, "हितंच शिकलेय म्या. पडलेय बी हितंच." बाया हसल्या. मलाही फार दिवसांनी तिच्या तोंडून ती बोली ऐकून बरं वाटलं. ती जळकोटची आत्या होती, वेण्या घातलेली.

हळूहळू ढीग वेगळे झाले. पिवळा, हिरवा, तांबूस, पांढरा. आत्या तांदूळ गोळा करत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"आई, आबांना तांदूळ कुठला चालायचा?"

"जुना. त्या आडत्यांनी दिला आहे तसा."

"मी नवा घालायचे का? चिकट व्हायचा."

"तू जो घालायचीस तो ते खायचे."

"शेवटच्या दिवशीचा नाही खाल्ला." ती तांदळाकडेच बघत म्हणाली. "तो डबा मी काय केला ते मला आठवतच नाही."

मला आठवत होतं. तिने तो जिन्याच्या कठड्यावर ठेवला होता आणि नंतर मी तो घरी आणला, धुतला, आणि वरच्या फळीवर ठेवला. पण त्या ओसरीवर, एवढ्या बायांत, मी ते सांगितलं नाही. सूप पुढे केलं.

सगळं भरून झाल्यावर ती म्हणाली, "आई, चूल तू पेटव. मी फाटकाशी थांबेन. नियम पाळलाच पाहिजे असं काही नाही."

"बरं," मी म्हणाले. मुलांना वर्गात मी कधी दोनदा विचारलं नाही. तिलाही विचारलं नाही.

लातूर

शिरूर ताजबंदहून चाकूरकडे जाताना उसाच्या ट्रॉल्या लागतात, एकामागे एक, शेंडे रस्त्यावर घासत. करडईचं रान हिरवं आणि काटेरी. ऊन चढलं. आत्या गटाच्या पुढे नव्हती, मागेही नव्हती, पण लातूरची पाटी दिसली तेव्हा ती हळू झाली. सगळे तिला ओलांडून गेले. सलीमभाईंनी टेम्पो तिच्या मागे तेवढ्याच गतीने चालवला, एकदाही हॉर्न दिला नाही.

फाटकाशी डॉक्टर होते, परिचारिका होत्या, हार होते.  आत्या सगळ्यात शेवटी आली. तिने सांगितल्याप्रमाणे पुढचं चाक फाटकाच्या लोखंडाला टेकवलं. टाळ्या वाजल्या. तिने पाय जमिनीवर टेकवले आणि तिथेच उभी राहिली.

टेम्पोतली पेटी मी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या हाती दिली, मग आत्याकडे परडी मागितली. तिने दोरी सोडून दिली. परडीत जुना तांदूळ आणि मूग भरून मी सलीमभाईंना घेऊन मागच्या अंगणात गेले.

शेड तशीच होती. पत्रा, सिमेंटचे ओटे, भिंतीवर धुराचे पट्टे. पाच-सहा जणी आपापल्या भांड्यांशी होत्या. मी कडेचा ओटा पुसला, पाणी ठेवलं, तांदूळ तीनदा धुतला, आणि काडेपेटी हातात घेतली. रेवा, मी काही देवभोळी बाई नाही. पण काडी माझ्याने ओढवेना.

शेजारी निलंग्याकडची एक तरुण बाई रिकामा डबा घेऊन बसली होती. "काय झालं आज्जी? काडी वली हाय का?"

"नाही गं. जोगव्याचं धान्य आहे. परडी जिच्या हाती होती तिनेच पेटवायचं असतं."

"मंग कुटं हायेत त्या?"

"फाटकाशी उभी आहे. तिच्या वडिलांना इथेच... ती आत येत नाही."

तिने पातेल्यात डोकावलं. "तांदूळ जुना दिसतोय. मपले मालक वर हायेत. नव्या तांदळाचा भात दिला तर तोंडच फिरवत्यात. कालपासून काईच खाईनात." मग ती उठली, डबा ओट्यावर ठेवला आणि पदर खोचून निघाली. मी अडवलं नाही.

मी शेडच्या खांबाशी उभी राहून पाहत होते; तिथून इमारतीच्या कडेने फाटक दिसतं. ती फाटकाशी गेली, लाल बनियनांत शोधलं, बरोबर आत्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. नंतर काळेसरांकडून कळलं. ती म्हणाली होती, "ताई, परडीवाल्या तुमीच का? चला की. पाणी उकळायचं हाय, अन् मपला मानूस उपाशी हाय." बस्स, एवढंच.

आत्याने सायकल फाटकाला टेकवून ठेवली. आत आली. अंगण ओलांडलं. शेडच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग माझ्या हातातून काडेपेटी घेतली. पहिली काडी विझली, दुसरी लागली.

मग तिला काही सांगावं लागलं नाही. पाणी किती, मीठ किती, मूग किती भाजायचा, भात कधी घोटायचा, तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. शेजारच्या बाईने वरच्या सिस्टरांना विचारून घेतलं. ताजा, उकळता असेल तर चालेल म्हणाल्या. आत्याने पहिला भात त्या बाईच्या डब्यात घातला, वर थोडं तूप, आणि झाकण घट्ट बसवलं. बाई डबा घेऊन जिन्याकडे पळाली.

बाकीच्या खिचडीसाठी आम्ही मोठं पातेलं चढवलं. शेडमधल्या बाया ताटल्या घेऊन आल्या, काळेसर आले, सगळे लाल बनियनवाले ओट्यांवर बसले. सलीमभाई पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ कम है," आणि दोनदा मागून खाल्लं. आत्या वाढत होती, पण तिचं लक्ष जिन्याकडे होतं. एकदा तिने मोठा चमचा माझ्या हाती दिला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन उभी राहिली. कठड्यावर हात ठेवला. मी वाढत राहिले.

बराच वेळ गेला. मग वरून चपलांचा आवाज आला. ती बाई खाली उतरत होती, डबा छातीशी धरून, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटच्या पायरीवर तिने डबा पुढे केला.

आत्याने झाकण उघडून आत पाहिलं. एक शीतही उरलं नव्हतं. कडेला बोटाने पुसून घेतल्याची खूण होती.

"आजून हाय का, म्हनून इचारलंय," ती बाई म्हणाली.

"हाय की," आत्या म्हणाली, आणि डबा घेऊन चुलीकडे गेली.